घर वाढवताय? मग आधी छप्पर ठरवा

घराला मागच्या बाजूने एक खोली काढायची ठरली की बहुतेक घरांत बोलणं खोलीच्या लांबी-रुंदीपासून सुरू होतं. बारा बाय वीस काढू, ओटा खिडकीखाली घेऊ, बाथरूम कोपऱ्यात बसवू. मग भिंती उभ्या राहतात आणि त्यानंतर कोणीतरी विचारतं, वर काय टाकायचं? आमच्या लांजा तालुक्यातल्या घराच्या बाबतीत हेच झालं. त्या क्रमाची किंमत आम्ही तीन पावसाळे मोजली. जुनं छप्पर आणि नवं छप्पर जिथे भेटतं, त्या दोन फुटांच्या पट्ट्याने आमचे जितके पैसे खाल्ले, तितके नव्या खोलीच्या फरशीलाही लागले नव्हते.

हा लेख मुख्यतः कोकणातल्या कौलारू घराला जोड देणाऱ्यांसाठी आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. देशावर किंवा विदर्भात राहणाऱ्यांना काय वेगळं करावं लागेल ते जागोजागी सांगितलंय.

पायरी १: वळचणीची उंची मोजा

टेप घ्या आणि घराच्या ज्या बाजूला वाढवायचंय त्या बाजूला उभे राहा. तीन मापं हवीत: जोत्यापासून (घराच्या चौथऱ्यापासून) वळचणीच्या, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या, खालच्या कडेपर्यंतची उंची, जुन्या पाख्याचा (छपराच्या उतरत्या बाजूचा) उतार, आणि वळचण भिंतीच्या किती पुढे आलीय ते. ही तीन मापं कागदावर आल्याशिवाय खोलीची रुंदी ठरवू नका. असं का, ते आकड्यांनी बघू.

समजा वळचण जोत्यापासून ९ फुटांवर आहे. नवं पाखं तिच्या खाली शिरवायचं तर त्याची सुरुवात साडेआठ फुटांवर होईल. कौलांना निदान २५ अंशांचा उतार लागतो, म्हणजे दर फुटाला साधारण साडेपाच इंच खाली. खोली १२ फूट खोल असेल तर बाहेरच्या भिंतीपाशी छप्पर साडेपाच फूट उतरलेलं असेल. उरली तीन फूट उंची. तिथे माणूस बसू शकेल, उभा राहणार नाही. बाहेरच्या भिंतीला किमान ७ फूट ठेवायचे असतील तर याच उतारावर तुम्हाला जेमतेम सव्वातीन फूट रुंदी मिळते.

आपल्या जुन्या घरांच्या पडव्या अरुंद का असतात, याचं उत्तर इथे आहे. जुन्या सुताराने पाखं जिथवर जाऊ शकतं तिथवरच पडवी काढली. जास्त हवी असेल तेव्हा त्याने मुळात आढंच, म्हणजे छपराच्या माथ्यावरची आडवी तुळईच, उंच घेतलं.

जमीन मागे उतरती असेल तर एक सोपी सवलत मिळते. नव्या खोलीची फरशी दोन-तीन पायऱ्या खाली घ्या, दीड फूट उंची फुकट हाती येते. म्हाताऱ्या माणसांना पायऱ्यांचा त्रास होतो, हे मात्र आधीच मनात धरा. आमच्या आईला ते जमलं नसतं म्हणून आम्ही हा मार्ग सोडला.

पायरी २: जुनं आणि नवं कसं जोडायचं ते ठरवा

छप्पर कशाचं करायचं हा प्रश्न नंतरचा. आधी जोड. माझ्या माहितीत चार मार्ग आहेत, आणि खर्चाचा खरा फरक इथेच पडतो.

पहिला मार्ग, जुन्या वळचणीखालून एकपाखी छप्पर. वर पाहिलं तसं १२ फुटांच्या खोलीला कौलं बसत नाहीत. पत्रा मात्र बसतो. ५ अंशांच्या उताराला १२ फुटांत छप्पर फक्त फूटभर उतरतं, बाहेरची भिंत साडेसात फुटांची राहते. इतक्या कमी उतारावर पत्रा अखंड लांबीचा घ्यायचा, मध्ये एकही जोड नको. जोड आला की वाऱ्याने पाणी उलटं चढतं. साठवणीची खोली, लाकडाची खोप, गाडीची जागा यांसाठी हा मार्ग उत्तम. राहायच्या खोलीला मी तो घेणार नाही. उंची कमी आणि वर तापलेला पत्रा, दुपारी आत बसवत नाही.

दुसरा मार्ग, नवं आढं जुन्या आढ्याला काटकोनात घेऊन दुपाखी छप्पर बाहेर काढायचं. वरून पाहिलं तर इंग्रजी टी अक्षरासारखं दिसतं. उंची भरपूर मिळते, घर एकसंध दिसतं. पण जुन्या पाख्याचा मोठा तुकडा उघडावा लागतो आणि नव्या-जुन्या पाख्यांच्या मध्ये दोन खोलगट सांधे तयार होतात. दोन्ही पाख्यांचं पाणी त्या सांध्यात येतं. तिथे कौलांखाली किमान दीड-दोन फूट रुंदीची, मध्ये दुमडलेली धातूची पट्टी खालपासून वरपर्यंत टाकायला हवी. तुकडे जोडावे लागले तर वरच्या तुकड्याने खालच्यावर फूटभर चढलं पाहिजे. या सांध्याचं काम जाणणारा सुतार असेल तरच हा मार्ग धरा. नसेल तर सोडा.

तिसरा मार्ग आम्ही पत्करला आणि पस्तावलो. मागे सपाट स्लॅब टाकायचा. खोलीला उंची हवी म्हणून स्लॅब वळचणीच्या वर घेतला. मग जुन्या पाख्याचं पाणी जाणार कुठे? ठेकेदाराने मध्ये नऊ इंचांची सिमेंटची पन्हळ केली आणि तिचा उतार एका बाजूला काढला. हिशेब करून पाहा. २० फूट लांबीचं आणि आडव्या मापाने १५ फूट खोल पाखं म्हणजे ३०० चौरस फूट, सुमारे २८ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर त्या पन्हळीत तासाला २८०० लिटर पाणी येतं, स्लॅबवरचं वेगळं. पन्हळीत फणसाची पानं साचली, पाणी तुंबलं आणि जुन्या भिंतीत शिरलं. मातीत बांधलेली चिऱ्याची भिंत ती. आतून गिलावा फुगून पडला आणि जुन्या वाशांची टोकं कुजली.

पुढे काय करावं लागलं? जुनी वळचण सव्वा फूट मागे कापली, पन्हळ दीड फूट रुंद केली, तिच्यात धातूचा पत्रा बसवला, आणि एकाऐवजी दोन्ही टोकांना ११० मिलिमीटरचे पाइप दिले. शिवाय एक वरचा निचरा ठेवला, म्हणजे पाइप तुंबले तर पाणी घरात न येता अंगणात पडेल. स्लॅबच करायचा असेल तर हे सगळं पहिल्या दिवशी नकाशात घ्या. नंतर केलं की तिप्पट मेहनत.

चौथा मार्ग मला आज सर्वांत शहाणपणाचा वाटतो: नवी खोली जुन्या घरापासून चार-पाच फूट दूर, स्वतंत्र दुपाखी छपराची बांधायची आणि दोन्हींना अरुंद बंद वाटेने जोडायचं. जुन्या छपराला जवळपास हातच लागत नाही. मध्ये छोटा चौक मिळतो, जुन्या घराच्या मागच्या खिडक्या उघड्या राहतात, उजेड आणि वारा टिकतो. एक भिंत जास्त बांधावी लागते हे खरं. पण नव्या पायाचा बसका जुन्या भिंतीला ओढत नाही, सांधे गळत नाहीत, आणि जुन्या घरात राहत असताना काम चालू ठेवता येतं. जागा असेल तर आधी हाच विचार करा.

कोणताही मार्ग घ्या, एक गोष्ट कटाक्षाने पाळा. नवा स्लॅब किंवा नवी तुळई जुन्या चिऱ्याच्या भिंतीत खाच मारून टेकवू नका. नवा पाया पहिल्या दोन-तीन वर्षांत थोडा बसतो, जुना केव्हाच बसून झालेला असतो. दोघांना जखडलं की तडा ठरलेला. नव्या बाजूचे खांब वेगळे घ्या, मध्ये इंचभर फट ठेवा आणि फटीवरून धातूची पट्टी फक्त एका बाजूला पक्की करा.

पायरी ३: वजन काढा

छप्पर कशाचं, यावर पाया आणि खांबांचा खर्च ठरतो. ठेकेदार छपराचा भाव वेगळा सांगतो आणि पायाचा वेगळा, त्यामुळे हे नातं आपल्या लक्षात येत नाही.

आपली आतून १२ बाय २० ची खोली घेऊ. नऊ इंची भिंती धरून बाहेरचं माप साडेतेरा बाय साडेएकवीस, म्हणजे २९० चौरस फूट.

५ इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे ३१० किलो. २९० चौरस फूट म्हणजे २७ चौरस मीटर, तेव्हा स्लॅब झाला साधारण साडेआठ टनांचा. त्यावर गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकतात. चार-पाच इंचांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातो, म्हणजे आणखी पाच टनांवर. एकूण १४ टनांच्या आसपास. त्यावर माणसं आणि पाण्याची टाकी.

कौलांचं छप्पर वळचणीसकट मोठं होतं. त्याचा हिशेब पुढे येतो, पण सगळी कौलं मिळून दोन टन. रंगीत पत्रा पाव टन. सांगाडा दोन्हींत वेगळा धरायचा.

चौदा, दोन आणि पाव. याचा अर्थ असा नाही की स्लॅब वाईट. वर पुढे मजला चढवायचा असेल तर स्लॅबला पर्याय नाही. पण "आता स्लॅब टाकून ठेवू, पुढचं पुढे बघू" असं म्हणत असाल तर खांब आणि पाया आजच दोन मजल्यांचे करावे लागतील, आणि तो खर्च आजच्या खिशातून जाईल. दहा वर्षांत वर चढण्याची खरी शक्यता किती, हे घरात बसून प्रामाणिकपणे बोला. कित्येक गावांत स्लॅबच्या वर निघालेल्या सळ्या वीस-वीस वर्षं गंजत उभ्या दिसतात.

स्लॅब ठरला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला सांगताना कोबा, टाकी आणि सोलर यांचं वजन आधीच सांगा. आमच्याकडे कोबा नंतर सुचला.

पायरी ४: प्रकाराप्रमाणे माल मोजा

रुपयांतले भाव गावागावात आणि महिन्यामहिन्याला बदलतात. रेती बंद झाली की सगळं गणित हलतं. सिमेंटवरचा जीएसटीच घ्या, सप्टेंबर २०२५ मध्ये तो २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचं अंदाजपत्रक कोणी पुढे करत असेल तर ते नव्याने मागा. मालाचं प्रमाण मात्र बदलत नाही. ते तुमच्या हाती असलं की गावचा भाव टाकून गुणाकार करता येतो.

सपाट स्लॅब. २९० चौरस फूट गुणिले ५ इंच म्हणजे १२१ घनफूट, सव्वा ब्रासला किंचित कमी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). घनमीटरात साडेतीनला थोडं कमी. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरला आठेक पोती सिमेंट लागतं, तेव्हा सिमेंट २७ ते २८ पोती. सळई स्लॅबला घनमीटरला ८० किलो धरली तर पावणेतीनशे किलो. तुळया, छज्जे, खांब वेगळे. त्यात सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा), गिलावा, कोबा, पॅरापेट भिंत, पाण्याचे पाइप. स्लॅबचा भाव विचारताना लोक फक्त काँक्रीट आणि सळई धरतात आणि शेवटच्या तीन गोष्टी विसरतात.

आकारावर बराच खर्च वाचतो. स्लॅबची जाडी लहान बाजूवर ठरते. १२ फुटांच्या गाळ्याला ५ इंच पुरतात. तीच २४० चौरस फुटांची खोली साधारण साडेपंधरा बाय साडेपंधरा केली तर जाडी वाढवावी लागेल किंवा मध्ये तुळई घालावी लागेल. लांबट खोली म्हणूनच स्वस्त पडते.

कोकणातल्या स्लॅबबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीय. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगावी पाहा, स्लॅबच्या घरांवर लोखंडी सांगाडा उभा करून वर पत्रा टाकलेला असतो. चार-पाच पावसाळ्यांत स्लॅब पाझरू लागतो, कोबा करूनही भिंती ओलावतात, मग शेवटी पत्रा चढतो. म्हणजे दोन छपरांचे पैसे. तुमच्या आजूबाजूला असे पत्रे चढलेले दिसत असतील तर तुमच्या घरावरही तो चढणार, असं धरून पहिल्याच अंदाजपत्रकात तो खर्च लिहा. मग स्लॅब आणि कौलं यांची खरी तुलना होते. पत्रा चढवायचाच असेल तर कोबा वगळता येतो का, हे इंजिनिअरला विचारा. वजन आणि पैसा दोन्ही वाचतील.

देशावर चित्र वेगळं आहे. पुणे, सातारा, नगरकडे पाऊस कमी आणि गच्चीचा वापर खूप. पापड, धान्य, उन्हाळ्यात झोपणं. तिथे स्लॅब उपयोगी पडतो. नागपूर-चंद्रपूरकडे खरा शत्रू उन्हाळा. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. तिथे वर पांढरा परावर्तक रंग किंवा पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी हा चैनीचा खर्च नाही, तो छपराच्याच हिशेबात धरा.

कौलं. १२ बाय २० ची स्वतंत्र खोली, आढं लांब बाजूने. वळचण दोन्हीकडे दोन-दोन फूट आणि टोकांना दीड-दीड फूट पुढे काढली तर आडवं माप साडेसतरा बाय साडेचोवीस, म्हणजे ४२९ चौरस फूट. ३० अंशांच्या उतारासाठी याला १.१५५ ने गुणा: ४९५ चौरस फूट. खोली २४०ची, छप्पर दुप्पट! कौलारू घराचं अंदाजपत्रक चुकतं ते इथे. मंगलोरी कौलं १० चौरस फुटांना चौदा-पंधरा लागतात, म्हणजे सुमारे ७२०, फुटतूट धरून साडेसातशे. आढ्यावर वीसेक कोने, म्हणजे माथा झाकणारी कौलं.

ही कौलं आपल्याकडे आली ती बासेल मिशनच्या कारखान्यामुळे. त्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि समुद्रमार्गे ती कोकणच्या बंदरांत उतरली. पुढे अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाचा साचा किंचित वेगळा. म्हणून जुनी कौलं विकत घेताना एकाच शिक्क्याची घ्या. दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत, दोराभर फट राहते आणि तेवढी पावसाला पुरते. घेण्याआधी दहा कौलं जमिनीवर जुळवून पाहा. बोटाने ठोकून बघा, खणखणीत वाजलं तर भाजणी चांगली. बद्द आवाज आला तर आत चीर आहे.

सांगाड्यासाठी सागवान आज बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेलंय. जुन्या घराचे काढलेले वासे-तुळया मिळाल्या तर उत्तम, पण कीड आणि टोकांची कूज तपासून घ्या. नाहीतर लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा. समुद्राच्या जवळ असाल तर पाइप चढवण्याआधी जमिनीवरच सगळ्या बाजूंनी रेड ऑक्साइड आणि दोन हात रंग द्या. वर चढल्यावर मागची बाजू कोणी रंगवत नाही. पाइपांची उघडी तोंडं वेल्ड करून बंद करा. रीपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर तुमच्या कौलावरून ठरवा, ठेकेदाराच्या सवयीवरून नको.

कौलांचा चालू खर्चही धरा. दर एक-दोन वर्षांनी, मृगाच्या आधी, शाकारणी करावी लागते. कौलं उतरवायची, साफ करायची, फुटकी बदलून परत बसवायची. हे करणारी माणसं आता कमी झालीत. आणि माकडं! कोकणात लोक कौलं सोडून पत्र्याकडे वळले याचं मोठं कारण माकडं आहेत. एका सकाळी तीस-चाळीस कौलं फुटतात. तुमच्या वाडीत त्यांचा वावर असेल तर कौलांखाली पत्र्याचा थर देणं किंवा सरळ पत्राच घेणं, यात कमीपणा मानू नका. मला स्वतःला कौलांइतकं सुखाचं छप्पर दुसरं माहीत नाही. पण घरात सत्तरीचे दोन जीव असतील आणि छपरावर चढणारं कोणी नसेल तर सुंदर दिसण्यापेक्षा न गळणं महत्त्वाचं.

पत्रा. वरच्याच छपराला पत्र्याने १५-२० अंशांचा उतार पुरतो, त्यामुळे क्षेत्रफळ थोडं कमी होतं. जाडी ०.५० मिलिमीटर मागा आणि ती रंगासकट की रंगाविना, हे विचारा. भावात फरक इथे लपतो. उष्णता आणि पावसाचा आवाज या दोन तक्रारींवर उपाय आहे: पत्र्याखाली इन्सुलेशनचा थर, किंवा खाली छत घेऊन मध्ये हवा खेळती ठेवणं. हा खर्च पत्र्याच्या किमतीतच धरा. तो वगळून पत्रा स्वस्त म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे.

तिरपा स्लॅब आणि वर कौलं. दिसायला देखणा, आणि सर्वांत महाग. तिरप्या सेंटरिंगवर काँक्रीट घसरतं, नीट दाबलं जात नाही आणि पोकळ्या राहतात. कौलं इथे फक्त शोभेची. काम करणारा मिस्त्री आधी असे चार-पाच स्लॅब टाकलेला असेल तरच जा, आणि ते स्लॅब पावसात जाऊन बघा.

पायरी ५: वारा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागून वर गेलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे ज्यांची छपरं उडाली त्यांच्या भिंती बऱ्याच ठिकाणी उभ्या होत्या. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. वळचणीखाली शिरतो, पाखं वर ढकलतो.

म्हणून भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा घ्या, त्यात काँक्रीट ओतण्याआधीच बोल्ट बसवा आणि सांगाडा त्या बोल्टला जखडा. नुसता चिऱ्यावर टेकवलेला सांगाडा वजनावर राहतो, आणि पत्र्याला वजनच नसतं. किनाऱ्याजवळ वळचण दोन फुटांपेक्षा पुढे काढू नका. कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळींतली कौलं तारेने किंवा स्क्रूने रीपेला बांधा. पत्र्याला रबरी वॉशरचे स्क्रू, कडेला जास्त दाट. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगलं टिकतं, कारण त्याला उभं सपाट टोक नसतं. पण त्यात कोपऱ्यांवर कौलं कापावी लागतात, मजुरी वाढते.

पायरी ६: कागदपत्रं, थोडक्यात

गावठाणात असाल तर ग्रामपंचायत, बाहेर असाल तर तहसील किंवा नगररचना कार्यालय. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, तिच्यातलं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, तुमच्या वाढीव खोलीला सोडावं लागतं. समुद्राजवळ, भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत, किनारा नियमन क्षेत्राची परवानगी आधी तपासा. वळचणीचं पाणी शेजाऱ्याच्या जमिनीत पडता कामा नये. भाऊबंदकीतले कितीतरी वाद पागोळ्यांवरून सुरू झालेत. घरपट्टी बांधकामाच्या प्रकारावर बदलते, स्लॅबला जास्त, तेव्हा तेही विचारून घ्या.

पायरी ७: तीन ठेकेदार, एकच कागद

तुमची मापं आणि वरचे प्रमाणाचे आकडे एका कागदावर लिहा आणि तिघांना तोच कागद द्या. प्रत्येकाने आपापला नकाशा आणि आपापला भाव आणला की तुलना होत नाही. मग विचारा:

- तिरप्या छपराचा चौरस फुटाचा भाव आडव्या मापावर की उतारावर? ३० अंशांला यातच १५ टक्क्यांचा फरक पडतो.
- सेंटरिंग, तिचे टेकू आणि ते किती दिवस ठेवणार, हे भावात आहे का?
- सांगाड्याचा भाव किलोवर की फुटावर? किलोवर असेल तर वजनकाट्याची पावती मिळेल का?
- पन्हळ, कोने, सांध्यांच्या पट्ट्या, पाइप आणि रंग आत धरलेत का?
- जुनं छप्पर उघडायची मजुरी आणि फुटणाऱ्या जुन्या कौलांची भरपाई कोणाकडे?

शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण थांबतात. तिथे उत्तर लिहून घ्या.

एकूण आकड्यावर निदान १० टक्के राखून ठेवा. जुन्या घराला हात लावणार असाल तर १५. वासा उचलल्यावर खाली काय निघेल ते आधी कोणालाच दिसत नाही.

सोलर बसवायचा विचार असेल तर तोही याच कागदावर आणा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि तेवढ्याला साधारण ३०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. दक्षिणेकडे उतरणारं पाखं मिळालं तर पत्र्यावरही काम होतं. कौलांवर बसवणं अवघड जातं, कारण आधार कौलांमधून रीपांपर्यंत न्यावे लागतात आणि प्रत्येक ठिकाणी गळतीची जागा तयार होते.

पायरी ८: वेळेचं गणित

कोकणात दिवाळीनंतर पाया, फेब्रुवारीपर्यंत भिंती, एप्रिलअखेर छप्पर. मेचा पहिला पंधरवडा गळतीसाठी राखीव. मृग लागेपर्यंत ओढत नेलं तर घाईत सांधे बिघडतात.

स्लॅब ओतल्यावर त्यावर मातीची आळी करून पाणी भरून ठेवा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला १० दिवस. आजकाल पोत्यात बहुधा हे राखमिश्रितच असतं, पोत्यावर पीपीसी लिहिलेलं बघा. ठेकेदार सेंटरिंग दुसऱ्या कामावर न्यायला घाई करतो. १२ फुटांच्या स्लॅबचे टेकू निदान आठवडाभर, तुळयांचे निदान दोन आठवडे हलू देऊ नका. पीपीसी असेल तर आणखी थोडे दिवस थांबा.

जुनं पाखं उघडायचं असेल तर सलग दोन-तीन दिवसांत उघडून झाकता येईल इतकंच उघडा. ताडपत्री आधी आणून ठेवा. एप्रिलमधला वळवाचा पाऊस संध्याकाळी येतो आणि तेव्हा माणसं घरी गेलेली असतात.

काम संपल्यावर ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसापर्यंत हातात ठेवा, आणि हे करारात आधी लिहा. तोवर वाट न पाहता मे महिन्यातच पाइपने तपासणी करता येते. एकाने छपरावर सांध्याजवळ पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन उभं राहायचं. खालून वर, एकेका भागावर दहा-दहा मिनिटं. एकदम सगळीकडे पाणी टाकलं तर गळती कुठून ते कळत नाही. ओल दिसली की भिंतीवर पेन्सिलने तिच्याभोवती रेघ मारून तारीख लिहा. पावसाळ्यात तीच रेघ ओलांडून डाग पुढे गेला तर सांधा अजून उघडा आहे. आत राहिला तर ती जुनी ओल सुकतेय.

आमच्या मागच्या भिंतीवर अशा सात रेघा आहेत. शेवटच्या रेघेबाहेर डाग गेला नाही, त्यानंतरच आम्ही ती भिंत पुन्हा गिलावली.